त्रेचाळीस वजा एकतीस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वयंपाकघरातले जुने कालनिर्णय उतरवून नवे लावायचे, हा आमच्या न्यू जर्सीतल्या घराचा पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. उतरवलेले कालनिर्णय मी टाकून देत नाही. त्यावर मुलांच्या डॉक्टरांच्या वेळा, श्राद्धाच्या तिथी, नळदुरुस्तीवाल्याचा फोन असे बरेच काही लिहिलेले असते आणि ते फेकताना एक अख्खे वर्ष फेकल्यासारखे वाटते. गेल्या डिसेंबरात खणातला तो गठ्ठा रचून ठेवताना २०१७ सालचे कालनिर्णय हातातून निसटले आणि सप्टेंबरच्या पानावर उघडे पडले. त्या पानावर प्रत्येक तारखेभोवती लाल पेनाने काढलेला गोल होता. अनंत चतुर्दशीच्या ५ तारखेला होता, घटस्थापनेच्या २१ तारखेला होता आणि दसऱ्याच्या ३० तारखेलाही होता. पुढच्या पानावर १ ऑक्टोबरला आणखी एक गोल, आणि त्याच्याखाली माझ्याच अक्षरातली वजाबाकी होती : ४३ − ३१ = १२.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि ते पान कितीतरी वेळ पाहत राहिले.

गोल मी काढले होते, पण दिवस माझे नव्हते. ते आमच्याकडे त्या उन्हाळ्यात राहिलेल्या एका पिचरचे, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, होते. घरापासून वीस मिनिटांवर डबल-ए दर्जाच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या दोन पायऱ्या खाली, मायनर लीगमध्ये खेळणाऱ्या संघाचे मैदान होते आणि अशा संघांच्या गावात काही कुटुंबे खेळाडूंना सीझनपुरती खोली देत असत. थोरला कॉलेजला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी होती. धाकट्याच्या बेसबॉल प्रशिक्षकांनी विचारले आणि आम्ही हो म्हटले. एप्रिलच्या थंडीत दोन बॅगा आणि एक ग्लोव्ह घेऊन तो दारात उभा राहिला. तेवीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सॅन पेद्रो दे माकोरिसजवळच्या एका वस्तीतला, इंग्रजी जेमतेम. भाषा कमी पडली तरी भाताने आमची अडचण सोडवली. वरणभात त्याला पहिल्याच दिवशी आपलासा वाटला, आणि राजम्याची उसळ केली की तो पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून डोळे मिटत असे. सामन्यात पिचिंग करून रात्री अकराला घरी आला की उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत बर्फाच्या पिशव्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने गुंडाळलेल्या असत. तो टेबलाशी बसून डाव्या हाताने जेवायचा आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी कोपरावरून थेंब थेंब माझ्या लाकडी टेबलावर पडत राहायचे. तिथला पांढरट डाग अजून आहे. ग्लोव्हच्या चामड्याचा, तेलाचा आणि हातावर घासायच्या राळेच्या भुकटीचा मिळून एक वास त्या खोलीला चार-पाच महिने होता आणि थोरला सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने तो दारातच ओळखला.

त्याचा पगार मला कळला तो जूनमध्ये, घरी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरायला त्याने मदत मागितली तेव्हा. आठवड्याला ३५० डॉलर, तेही कर कापण्याआधी, आणि केवळ सीझनचे पाच महिने. वसंतातल्या सराव शिबिराचा पगार नाही, हिवाळ्यातल्या व्यायामाचा नाही. मिळणाऱ्या रकमेतून कपडे धुणाऱ्या आणि जेवण मांडणाऱ्या क्लबहाउसच्या माणसाला खेळाडूंनीच वर्गणी द्यायची. त्याच्या संघातले चौघे एका बिछानाही नसलेल्या घरात हवा भरायच्या गाद्यांवर झोपत होते, त्या मानाने आपले नशीब चांगले असे तो म्हणायचा. सोळाव्या वर्षी क्लबने त्याच्याशी करार केला तेव्हा हाती आलेल्या काही हजार डॉलरांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या घरातली रक्कम त्याला लहानपणापासून तयार करणाऱ्या ‘बुस्कोन’ने, म्हणजे तिथल्या खाजगी प्रशिक्षक-दलालाने, घेतली होती. उरलेल्यातून आईच्या घरावर पक्के छप्पर आले. त्या छपराचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता आणि तो तो पाहुण्यांना दाखवत असे.

३१ ऑगस्टच्या रात्री त्याला फोन आला. त्या काळी १ सप्टेंबरपासून मेजर लीगच्या संघांना खेळाडूंची संख्या वाढवता येत असे आणि त्याला वर बोलावले होते. बॅग भरताना त्याचे हात थरथरत होते. मी देवापुढे दिवा लावला, हातावर साखर ठेवली. दारातून निघताना तो मागे वळला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवून म्हणाला, “सेन्योरा, माझे दिवस मोजाल? त्रेचाळीस पाहिजेत.” मेजर लीगच्या संघात त्रेचाळीस दिवस नाव राहिले की पेन्शनचा पहिला हक्क लागू होतो, हे त्याला एका मुरलेल्या खेळाडूने सांगितले होते. मी लाल पेन घेतले ते त्या रात्री.

२०१७ साली मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ५,३५,००० डॉलर होता आणि तो सीझनच्या दिवसांवर वाटून दिला जातो. म्हणजे त्या सप्टेंबरात त्याचा प्रत्येक दिवस जवळपास २,९०० डॉलरांचा होता. आदल्या दिवशीपर्यंत तोच हात, तोच चेंडू, तीच ताशी पंचाण्णव मैलांची फेक आठवड्याला ३५० डॉलरांना विकली जात होती. १ सप्टेंबरच्या सकाळी एका दिवसाची मजुरी आधीच्या आठ आठवड्यांहून जास्त झाली. रात्रभरात त्याची कला आठपट, पन्नासपट वाढली नव्हती. तो एका रेषेच्या अलीकडून पलीकडे गेला होता, एवढेच घडले होते. टीव्हीवर त्याला मैदानात येताना पाहून धाकटा ओरडत होता आणि माझ्या मनात मात्र सतत ही रेषा कोणी आखली असेल, हा विचार चालू होता.

दिवस मोजण्याची सवय मला माहेरची आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सत्तरच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तात्पुरते कामगार होते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, हे त्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, आणि म्हणूनच सात महिने होत आले की कारखाना ‘ब्रेक’ द्यायचा. अण्णा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत निळ्या पेन्सिलीने बारीक खुणा करत. एका वर्षी खुणा २२८ पर्यंत गेल्या. त्या दिवसांत आई चढ्या आवाजात बोलत नसे, कोणी शिंकले तरी घरात सगळे एकमेकांकडे बघत. बाराच दिवस उरले असताना सुपरवायझरने अण्णांना गेटवर थांबवले. संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले आणि खोडरबर घेऊन एकेक खूण पुसत बसले. पुसलेल्या जागी कागद खरखरीत झाला होता. मी त्यावरून बोट फिरवून पाहिले होते, ते बोटाला अजून आठवते.

तिथेही बारा आणि इथेही बारा, हे माझ्या लक्षात आले ते गेल्या डिसेंबरात.

अमेरिकेतल्या या खेळाचे सगळे अर्थकारण दिवसांवर उभे आहे, हे कळायला मला त्या मुलाच्या नादाने बरीच वर्षे वाचन करावे लागले. मेजर लीगचा सीझन साधारण १८७ दिवसांचा असतो आणि त्यातले १७२ भरले की सेवेचे एक वर्ष धरतात. त्रेचाळीस म्हणजे त्याचा बरोबर पाव हिस्सा. पहिली तीन वर्षे पगार किती द्यायचा हे बहुतेक क्लबच ठरवतो आणि तो किमानाच्या आसपासच राहतो. त्यानंतर लवादाकडे जाता येते. तिथे खेळाडू एक आकडा मांडतो, क्लब दुसरा मांडतो आणि लवादाने दोन्हींपैकी एकच निवडायचा असतो, मधला काढायची मुभा नसते. सहा वर्षे पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो, हवे त्या क्लबशी बोलू शकतो. आपण बातम्यांत वाचतो ते डोळे दिपवणारे करार या मोकळ्या झालेल्यांचे असतात. हुआन सोतोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला, तो अशा दारातून बाहेर पडल्यावर. पण त्या दारापर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागतात, आणि बहुतेकांचे खांदे, कोपरे, गुडघे तेवढी साथ देत नाहीत.

म्हणून क्लबही दिवस मोजतात. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव शिबिरात नऊ होमरन मारले, तरी सीझनच्या आरंभी त्याला खालच्या संघात ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी, आणि त्या एका दिवसामुळे त्याची मोकळीक पूर्ण एक वर्ष लांबली. अजून बचावातली कसर भरून काढायची होती, असे क्लबने सांगितले. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. हे वाचताना मला निळी पेन्सिल आठवली आणि माझा घसा कोरडा पडला. ब्रायंटला पुढे रग्गड पैसा मिळाला, त्याची आणि अण्णांची तुलना पैशात होऊच शकत नाही. पण माणसाचे दिवस दुसऱ्या कोणाच्या वहीत मोजले जातात आणि आकडा भरत आला की ती वही मिटली जाते, ही गोष्ट दोघांच्या बाबतीत एकच आहे. क्लब आणि खेळाडूंची युनियन यांच्या २०२२ च्या करारात यावर थोडा उपाय झाला; सर्वोत्तम नवोदित निवडण्याच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्यांना आता पूर्ण वर्ष धरून देतात.

पूर्वी तर मोजायलाही काही नव्हते. १८७९ पासून क्लबांनी एक राखीव कलम चालवले, ज्यामुळे खेळाडूने एकदा सही केली की तो त्या क्लबचाच राहायचा. १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या कक्षेत येणारा व्यापार नाही असा निकाल दिला आणि त्या कलमाला आणखी बळ मिळाले. सेंट लुईस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड याने १९६९ मध्ये त्याला आव्हान दिले. बारा वर्षे खेळल्यावर त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले होते. तेव्हा त्याचा पगार ९०,००० डॉलर होता, म्हणजे त्या काळच्या मानाने भरपूर, आणि तरी त्याने कमिशनरला पत्र लिहून कळवले की माझ्या इच्छेविरुद्ध विकत घ्यायची आणि विकायची मी मालमत्ता नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. खटल्याच्या सुरुवातीला मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आला, पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात आला नाही. निकाल लागला तोवर फ्लडची कारकीर्द संपलेली होती.

कलम तुटले ते डिसेंबर १९७५ मध्ये, पीटर साइट्झ या लवादाच्या निकालाने. त्या प्रकरणात दोन पिचर होते. अँडी मेसरस्मिथचे नाव सगळ्यांना आठवते. मला दुसरा, डेव्ह मॅकनॅली, जास्त जवळचा वाटतो. तो खेळ सोडून मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज या आपल्या गावी परतला होता. मेसरस्मिथने ऐन वेळी करारावर सही केली तर दावा बुडू नये, म्हणून युनियनने त्याचे नाव मागितले आणि त्याने ते दिले. क्लबने मोठी रक्कम देऊ केली तरी त्याने सही केली नाही. त्या मोकळिकीतून त्याला स्वतःला एक डॉलरही मिळायचा नव्हता. बिलिंग्जच्या थंडीत घरी बसलेल्या, कोपराची कामे आटोपलेल्या एका माणसाने केवळ आपले नाव खुंटीसारखे ठोकून ठेवले आणि त्या खुंटीवर आजचे सगळे कोट्यवधींचे करार टांगलेले आहेत.

या सगळ्यामागे उभा होता मार्विन मिलर, पोलाद कामगारांच्या युनियनमधून १९६६ मध्ये खेळाडूंच्या युनियनकडे आलेला अर्थशास्त्रज्ञ. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो आला तेव्हा किमान पगार ६,००० डॉलर होता आणि दोन वर्षांत, १९६८ च्या पहिल्या सामूहिक करारात, तो १०,००० वर गेला. पण त्याच्याच कामात ती रेषाही सापडते. साइट्झच्या निकालानंतर ओकलंड संघाचा मालक चार्ली फिनली म्हणाला होता की सगळ्यांनाच दरवर्षी मोकळे करा. मिलरला नेमकी हीच भीती होती. बाजारात एकदम शेकडो पिचर आले तर कोणाचाच भाव टिकणार नाही. मोजकेच आले तर क्लब एकमेकांवर बोली चढवतील. आमच्या वाशीच्या बाजारात आंब्याची पहिली पेटी आणि मे अखेरची पेटी यांच्या भावात जो फरक असतो, तोच हा हिशेब. बाकीच्या मालकांनी फिनलीचे ऐकले नाही, १९७६ मध्ये सहा वर्षांची अट दोन्ही बाजूंना पटली आणि पगार झपाट्याने चढले. म्हणजे वर चढलेल्यांना जो भाव मिळतो, त्यात सहा वर्षे कमी भावाने राबणाऱ्या तरुणांचा वाटा मुरलेला असतो, आणि ही रचना एकट्या मालकांची नाही. युनियनने ती डोळसपणे स्वीकारली. शिवाय खालच्या संघांतले खेळाडू त्या युनियनचे सभासदच नव्हते. माझ्या टेबलावर ज्याच्या बर्फाचे पाणी पडत होते, त्याच्या वतीने वाटाघाटीच्या खोलीत बोलणारे कोणीही नव्हते.

मी हे लिहिते आहे ते मिलरला दोष देण्यासाठी नव्हे. अण्णांच्या कारखान्यातही युनियन होती आणि ती कायम कामगारांची होती. तिने बोनस मिळवून दिला, कॅन्टीन मिळवून दिले. तात्पुरत्यांचे दिवस मात्र तिच्या सभेच्या विषयपत्रिकेवर कधी आले नाहीत. अण्णा याबद्दल कडवटपणे बोलत नसत. “त्यांचे भरले आहेत, आपले भरायचे आहेत,” असे म्हणत. मला ते तेव्हाही पटत नसे आणि आजही पटत नाही.

सोतोचा आकडा ऐकून आमच्या ओळखीचे अनेक जण हळहळतात, एका खेळाडूला एवढे कशाला, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. लोक तिकीट काढतात आणि टीव्ही लावतात ते खेळाडूंना पाहण्यासाठी; तो पैसा त्यांच्याकडे गेला नाही तर मालकाकडे राहतो, तिकीट काही स्वस्त होत नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेइ ओहतानीने दहा वर्षांच्या ७० कोटी डॉलरांपैकी ६८ कोटी पुढे ढकलून घेतले आणि तूर्त वर्षाला २० लाखांवर समाधान मानले, याचे मला कौतुक वाटले. माझी तक्रार वरच्या आकड्याबद्दल नाही. मला बोचते ते खालच्या पायरीचे आकडे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक छोटा भाग घालून मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या कायद्यातून जवळजवळ बाहेर काढले. विधेयकाच्या त्या भागाला राष्ट्रीय खेळ वाचवण्याचे नाव दिले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच तो मुलगा कोपराला पट्टा बांधून फ्लोरिडात होता.

कोपराचे झाले ते असे. २०१८ च्या मार्चच्या मध्यावर त्याला खालच्या संघात पाठवले, मे-जूनमध्ये परत बोलावू असे सांगून. बाराच दिवस हवे होते, म्हणून कोणी घाबरले नाही. एप्रिलमध्ये खालच्या संघाच्या सामन्यात पिचिंग करताना कोपराचा अस्थिबंध तुटला. हीच दुखापत वरच्या संघात नाव असताना झाली असती तर शस्त्रक्रियेनंतरचे अंथरुणावरचे दिवसही मोजले गेले असते, पगारही त्या दराने मिळाला असता, आणि पेन्शन तर दोन आठवड्यांच्या आतच पक्की झाली असती. खाली झाली म्हणून एकही दिवस धरला गेला नाही. दीड वर्षाने हात बरा झाला, पण फेकीतला वेग गेला, आणि क्लबने त्याला सोडले. फोनवर तो रडला नाही. “एकतीसच ना?” एवढेच त्याने विचारले. मी हो म्हटले आणि त्यानंतर दोघांनाही काही बोलता आले नाही.

२०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू अखेर त्याच युनियनमध्ये आले. त्या वर्षापासून क्लबांनी त्यांना राहायला जागा देणे सुरू केले होते, आणि २०२३ च्या पहिल्या करारात डबल-ए खेळाडूचा वर्षाचा पगार १३,८०० वरून ३०,२५० डॉलरांवर गेला. हवेच्या गाद्या संपल्या. बातमी वाचून मला आनंद झाला, आणि संध्याकाळी कुकर लावताना त्या आनंदात काहीतरी खुपत राहिले. ज्या मुलांनी कोर्टात आणि वर्तमानपत्रांत आपली कहाणी सांगून हे घडवले, त्यांतले कित्येक तोवर खेळातून बाहेर पडले होते. मॅकनॅलीची गोष्ट पुन्हा घडली होती, मोठ्या संख्येने आणि नावाशिवाय.

कालनिर्णय सापडले त्या रात्री मी त्याला ते पान फोटो काढून पाठवले. तो आता त्याच्या गावी मुलांना पिचिंग शिकवतो. बुस्कोनसारखा हिस्सा घेत नाही, महिन्याची ठरलेली फी घेतो, असे त्याने मागेच आवर्जून सांगितले होते. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. मागे मुलांचा कलकलाट होता, कोंबडा ओरडत होता, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा तो ओळखीचा टप् आवाज येत होता. त्याच्या हाताखालच्या एका मुलाला येत्या उन्हाळ्यात सोळावे लागते आहे आणि क्लबचे लोक येऊन त्याला पाहून गेले आहेत. इथे भिंतीवर लावायला असे मोठ्या चौकोनांचे कॅलेंडर मिळत नाही, असे तो म्हणाला, ज्यात तारखेच्या बाजूला लिहायला जागा असते तसले. वरचे अक्षर वाचता आले नाही तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी एडिसनच्या वाण्याकडून मी आणखी एक कालनिर्णय आणले. गुंडाळी करून नळीत घालण्याआधी एप्रिलच्या पानापर्यंत उलटून पाहिले. मग खणातला लाल पेनही त्यात टाकला आणि पोस्टात जाऊन आले.